अर्धलिखित तसबीर: तसबिरीचे टप्पे व त्यांचें ऐतिहासिक प्रामाण्य

१. प्रसंग

जुन्या कागदांच्या शोधांत असतां पोथ्या व दफ्तरें यांकडे आमचें लक्ष जितकें जातें, तितकें त्यांत मधून मधून सांपडणाऱ्या सुट्या चित्रांकडे जात नाहीं. चित्र पुरें असेल तर तें चौकटींत बसून भिंतीवर चढतें. अपुरें असेल तर बहुधा रद्दीच्या वाटेस लागतें. गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांनीं आपल्या घरच्या दफ्तरांतील असाच एक अपुरा कागद मजपुढें ठेविला. वीतभर उंचीचा जाड, घोटीव कागद. त्यावर लोडाशीं बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाची एका बाजूनें दिसणारी आकृति. चेहरा पूर्ण झालेला. कानशिलावरचे पांढरे केस, डोळ्याखालची सुरकुती, मिशीची एकेक रेघ निराळी दिसत होती. मानेखालीं मात्र रंगाचा थेंब नाहीं. पागोटें, अंगरखा, लोड व हातांतील फूल हीं सारीं गेरूच्या बारीक रेघांनीं नुसतीं दर्शविलेलीं. पागोट्यावर मोडींत 'ला' व अंगरख्याच्या घेरावर 'पां' अशीं अक्षरें होतीं.

स्नेह्यांचा मनोदय असा कीं, शहरांतील एखाद्या कुशल चिताऱ्याकडून हें चित्र पुरें करून घ्यावें व दिवाणखान्यांत वडिलांच्या दोन तसबिरी आहेत त्यांच्या शेजारीं लावावें. त्या काळीं अंगरख्याचा रंग कोणता असे, एवढेंच विचारण्यास ते आले होते. चित्र जसें आहे तसेंच ठेवावें, अशी मीं त्यांस विनंति केली. परंतु तिचीं कारणें त्या वेळीं मला नीट सांगतां आलीं नाहींत. जन्मभर मुलांस व्याकरण शिकविणाऱ्यानें चित्रकलेंत बोलावें हें धार्ष्ट्यच. पण प्रश्न केवळ कलेचा नसून प्रमाणाचा आहे, आणि प्रमाणाचा विचार आम्हां पोथीवाल्यांस परका नाहीं. म्हणून तीं कारणें येथें क्रमानें मांडितों. प्रतिपाद्य विषय थोडक्यांत असा: तसबीर ही एका वेळीं, एका हातानें व एका दृष्टीनें झालेली वस्तु क्वचितच असते, तिचे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्याचें प्रामाण्य निरनिराळें असतें.

२. संस्कृत ग्रंथांतील क्रम

चित्र कोणत्या क्रमानें करावें याचा आपल्याकडील सविस्तर विचार कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत आहे. या ग्रंथास अभिलषितार्थचिंतामणि असेंही नांव असून त्याची रचना शके १०५१ च्या सुमाराची, म्हणजे इ. स. ११२९ च्या आगेमागेची आहे. बडोद्याच्या प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेले त्याचे पहिले दोन भाग १९२५ व १९३९ या वर्षीं निघाले. राज्याच्या सुखोपभोगांचें वर्णन करितां करितां राजानें तिसऱ्या विंशतींत चित्रकर्मास हात घातला आहे, व तेथें तो केवळ रसिक म्हणून बोलत नाहीं. कारखान्यांत उभा राहून पाहिलेल्या माणसासारखा बोलतो.

प्रथम भूमि. म्हशीचें ताजें कातडें पाण्यांत शिजवून लोण्यासारखें झालें म्हणजे त्याच्या कांड्या करून वाळवाव्यात, हा वज्रलेप. पुढें तो पाण्यांत कढवून पांढऱ्या मातींत मिसळावा व घोटून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर त्याचे थर द्यावेत. मग रेखा. काजळी भाताच्या शितांत मळून केलेल्या वर्तिकेनें, अथवा वेळूच्या नळींत तांब्याचें टोंक बसवून केलेल्या तिंदुकानें आकृतीची पहिली आंखणी करावी. ती मनासारखी झाली म्हणजे गेरूनें पक्की करावी. नंतर रंग, तेहि सरसकट नव्हेत. अंगाचा जो भाग उंच तेथें उजळ, जो खोल तेथें सांवळा, अशा रीतीनें निम्नोन्नत दाखवावें. त्यासाठीं लेखण्या तीन जातींच्या, स्थूल, मध्यम व सूक्ष्म. वासराच्या कानाचे केस लाखेनें बसवून केलेली लेखणी त्यांत आली. सोनें लावल्यावर तें वराहाच्या दाढेनें घोटून चमकवावें, आणि सर्वांच्या शेवटीं काळ्या रेघेनें आकृति बांधून घ्यावी.

सोमेश्वरानें चित्रांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत विद्ध हा पहिला. ज्यांत आरशांतील प्रतिबिंबासारखें सादृश्य असतें तें विद्ध चित्र. म्हणजे आपण ज्यास तसबीर म्हणतों तीच. जें मनांत आल्याप्रमाणें नुसत्या आकारानें काढिलें, तें अविद्ध. हा भेद पुढील विवेचनास फार उपयोगी आहे. कारण एकाच कागदावर चेहरा विद्ध आणि बाकीचें सर्व अविद्ध असूं शकतें, व बहुधा असतेंच.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांतील चित्रसूत्रांत (अध्याय ३५ ते ४३) या टप्प्यांकडे पाहणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें आहे. तेथें सांगितलें आहे कीं, आचार्य रेखेची प्रशंसा करितात, जाणते वर्तनेची म्हणजे छायाप्रकाशाची, स्त्रिया अलंकारांची, आणि इतर लोक रंगाच्या समृद्धीची. सूत्रकाराचें हें वर्गीकरण कोणास रुचो वा न रुचो. त्यांत एक गोष्ट गृहीत आहे. चित्राचे थर वेगवेगळे पाहतां येतात, व पाहणारा आपल्या योग्यतेप्रमाणें एका थराशीं थांबतो. स्नेह्यांच्या कागदावर आचार्यांचा थर जसाचा तसा उघडा होता. रंगाचा थर चढविण्याच्या नादांत तो झांकला जाणार होता.

अर्धवट चित्राचें सर्वांत सुंदर उदाहरण मात्र शास्त्रग्रंथांत नसून नाटकांत आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत स्वतः काढलेलें शकुंतलेचें चित्र पाहत बसतो. तें अर्धलिखित आहे असें तो स्वतः म्हणतो व वर्तिका आणण्यास दासीस पाठवितो. काय राहिलें आहे त्याची यादीही तो देतो: मालिनी नदी व तिच्या वाळूंतील हंसांचीं जोडपीं, हिमालयाच्या पायथ्याच्या टेंकड्या, वल्कलें टांगलेला वृक्ष, काळविटाच्या शिंगावर डोळा खाजविणारी हरिणी, मग कानांतील शिरीषाचें फूल व गळ्यांतील मृणालसूत्र. म्हणजे व्यक्ति आधीं, स्थळ व भूषणें नंतर. याहून आमच्या कामाची गोष्ट अशी कीं, चित्राच्या कडांस घामेजलेल्या बोटांचे मळकट डाग पडले आहेत व गालावर अश्रु पडून तेथील रंग फुगला आहे, हें राजा विदूषकास दाखवितो. चित्र ज्या मनःस्थितींत घडलें तिचा पुरावा चित्राच्या विषयांत नसून कागदावरील डागांत आहे, हें कालिदासानें ओळखलें होतें. आपण मात्र डाग पुसून टाकतों.

३. एक तसबीर, अनेक हात

आतां संस्कृत ग्रंथांकडून अकबराच्या कारखान्याकडे वळूं. कारण शास्त्रांत जे टप्पे एकाच चिताऱ्याचे आहेत, ते तेथें निरनिराळ्या माणसांत वांटलेले असून त्यांचा लेखी दाखलाही राहिला आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत अकबरनाम्याच्या एका राजप्रतीचा भाग आहे. तो १८९६ सालीं त्या संस्थेनें विकत घेतला. त्यांत ११६ चित्रें असून त्यांतील बहुतेकांच्या खालच्या समासांत कारकुनानें चिताऱ्यांचीं नांवें नोंदविलीं आहेत. नांवापुढें तीन शब्द येतात. तर्ह म्हणजे रेखायोजना; अमल म्हणजे रंगकाम; आणि कांहीं पानांवर चिहरा-नामी, म्हणजे प्रमुख व्यक्तींचे चेहरे काढणें. योजना करणारा ज्येष्ठ उस्ताद, रंग भरणारा त्याच्या हाताखालचा, आणि चेहऱ्यापुरता तिसरा, ज्याचा हात सादृश्यांत बसलेला. अबुल्फजल आइने अकबरींत बसावनाची स्तुति करितांना तर्राही, चेहराकुशाई, रंगामेजी व सादृश्य हीं अंगें वेगळालीं मोजतो, तें याचमुळें. अकबर स्वतः तसबिरीसाठीं बसला व आपल्या सर्व सरदारांच्या तसबिरी काढवून त्यानें मोठा संग्रह केला, असेंही तो सांगतो. चेहरे काढणाऱ्यास नमुना मिळत असे तो अशा संग्रहांतून.

याच प्रतींत हवाई नांवाच्या मस्त हत्तीवर अकबर स्वार झाल्याचें प्रसिद्ध चित्र आहे. तर्ह बसावनाची, अमल चतर याचा. प्रसंग इ. स. १५६१ चा; अकबर तेव्हां अठरा वर्षांचा. चित्र मात्र १५९० च्या सुमाराचें. म्हणजे प्रसंग व चित्र यांत सुमारें तीस वर्षांचें अंतर आहे. चित्रांतील अकबरावरून अठराव्या वर्षींचा अकबर कसा दिसे हें सांगूं जाणारा संशोधक फसेल; तो अकबर चिताऱ्यांच्या मनांतला व नमुन्याच्या कागदावरचा आहे.

जहांगीर तर आपल्या आत्मवृत्तांत अभिमानानें लिहितो कीं, एकाच चित्रांत अनेक चेहरे अनेक चिताऱ्यांनीं काढिले असले तरी कोणता कोणाचा हें आपण ओळखूं. इतकेंच नव्हे, तर एका चेहऱ्यांतील डोळा व भुंवई दुसऱ्यानें काढिली असली तरी तेंही आपणांस कळेल. बादशहाच्या बढाईंतून हवा तेवढा भाग वजा करावा. तरीही शिल्लक राहतें तें हें कीं, एका चेहऱ्यांतही दोन हात असणें त्या दरबारांत अशक्य मानलें जात नव्हतें.

खाका व पुरें चित्र हीं दोन्ही शिल्लक राहिल्याचें सर्वांत बोलकें उदाहरणही याच बादशहाच्या कारकीर्दींतलें आहे. इ. स. १६१८ मध्यें अफू व मद्य यांनीं क्षीण झालेला इनायतखान मरणाच्या दारीं असतां बादशहापुढें आणिला गेला. हाडांवर केवळ कातडें उरलेला तो देह पाहून बादशहानें चिताऱ्यांस त्याची तसबीर घेण्याचा हुकूम केला. त्याचें रेखाचित्र आज अमेरिकेंत बोस्टनच्या ललितकला संग्रहालयांत आहे, व रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत. दोन्ही शेजारीं ठेविलीं तर टप्प्यांचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. रंगीत चित्रांत वस्त्रें, लोड, बैठक यांची शोभा आली आहे आणि मरणाऱ्या माणसाभोंवतीं एक प्रकारची शांति पसरली आहे. रेखाचित्रांत ती नाहीं. तेथें बरगड्या आहेत. मनुष्यास साक्षात् पाहिल्याचा धक्का पहिल्या कागदावर आहे. दुसऱ्यावर दरबाराचा शिष्टाचार आहे. दोन्ही खरे, परंतु एकास दुसऱ्याच्या जागीं साक्षीस उभें करितां येणार नाहीं.

४. चरबा आणि आदर्श

कारखान्यांतील काम कसें चाले तें समजलें म्हणजे पुढील मुद्दा सोपा होतो. कागदाचे तीनचार थर खळीनें चिकटवून वसली करीत. तिच्यावर काजळीनें किंवा गेरूनें पहिली आकृति काढून वर सफेद्याचा पातळ हात देत. त्यांतून खालची रेघ अंधुक दिसे, व तिच्यावर सुधारलेली रेघ पक्की करीत. मग कागद गुळगुळीत दगडावर पालथा घालून पाठीमागून अकीकानें घोटीत. रंगाचा प्रत्येक थर वाळला कीं पुन्हा घोटणी. चेहऱ्याचें काम खारीच्या केसांच्या कुंचलीनें, सूक्ष्म ठिपक्यांनीं व रेघांनीं; त्यास परदाज म्हणत. कोणता रंग कोठें भरावयाचा याची खूण खाक्यावर एकदोन अक्षरांत लिहून ठेवण्याची चाल पहाडी चिताऱ्यांच्या कागदांवर पुष्कळ आढळते. स्नेह्यांच्या कागदावरील 'ला' व 'पां' हीं त्याच जातीचीं. लाल आणि पांढरा. अंगरख्याचा रंग कोणता याचें उत्तर प्रश्नाच्या कागदावरच लिहिलेलें होतें, आणि रंग चढला असता तर उत्तर व अक्षर दोन्ही नाहींशीं झालीं असतीं.

एकदां चांगली आकृति साधली कीं ती वायां जाऊं देत नसत. हरणाच्या पारदर्शक केलेल्या पातळ कातड्यावर तिची रेघ उतरवून घेत, हा चरबा. त्याच्या रेघांवर सुईनें भोंकें पाडून तो कोऱ्या कागदावर ठेवीत व वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवीत. भोंकांतून पूड खालीं उतरून ठिपक्यांची आकृति उठे. ठिपके जोडले कीं नवी तसबीर सुरू. कधीं चरब्याऐवजीं मूळ कागदासच भोंकें पाडीत. अशा एका चरब्यावरून बापाच्या, मुलाच्या व नातवाच्या हातून तसबिरी निघत राहत.

पोथ्यांचा व्यासंग असणाऱ्यास येथें ओळखीची वाट लागते. एका आदर्शावरून उतरलेल्या दहा पोथ्या या दहा साक्षी नव्हेत. साक्ष एकच, तिचे प्रतिध्वनि दहा. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम पुण्यास १९१९ मध्यें सुरू झालें व १९६६ मध्यें पुरें झालें. त्या सर्व काळांत पोथ्यांची गणना न करितां त्यांची कुळें लावण्याचा नियम संपादकांनीं पाळिला. तसबिरींच्या बाबतींत मात्र आम्ही अजून गणनाच करितों. "अमुक पुरुषाच्या चार तसबिरी मिळतात व चारींत नाक सारखें आहे, म्हणून नाक तसेंच असलें पाहिजे," असा युक्तिवाद किती वेळां छापून येतो! चारी एका चरब्याच्या लेंकी असतील तर नाक सारखें असणारच. उलट चारींत कोठें तरी फरक असेल तर तोच विचारार्ह. कारण तो चिताऱ्याची चूक तरी असेल, नाहीं तर स्वतंत्र दर्शनाचा पुरावा तरी.

शिवछत्रपतींच्या तसबिरींच्या वादास हा नियम लावून पाहावा. निकोलाव मनूची यानें मीर महंमद नांवाच्या चिताऱ्याकडून करवून घेतलेला चित्रसंग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे, तो इ. स. १६८६ पूर्वीं तयार झाला. त्यांत महाराजांचें अश्वारूढ चित्र आहे. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील विट्सेन संग्रह गोवळकोंड्याच्या पद्धतीचा, त्याच शतकाच्या उत्तरार्धांतला. त्यांतही महाराजांची तसबीर आहे. महाराज ३ एप्रिल १६८० रोजीं निवर्तले. म्हणजे या चित्रांचा काळ त्यांच्या हयातीच्या अगदीं लगतचा असून त्यांचें महत्त्व त्यामुळें मोठें आहे. परंतु काळ लगतचा असणें आणि चिताऱ्यानें समोर पाहिलेलें असणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. युरोपियन व्यापारी व प्रवासी यांच्यासाठीं राजेरजवाड्यांच्या तसबिरींचे संच तयार होत, आणि संच म्हटला कीं तेथें नमुना आला. म्हणून अशा दोन तसबिरींत साम्य आढळलें तर त्यांस दोन साक्षी म्हणण्यापूर्वीं त्यांच्या रेघा एकमेकांवर ठेवून पाहिल्या पाहिजेत. रेघ हुबेहूब जुळली तर साक्ष एक. न जुळली व तरीही चेहरा तोच वाटला, तर साक्षी खरोखर दोन. यांत महाराजांविषयींच्या भक्तीस बाध येण्याचें कारण नाहीं. पुरावा जितका शुद्ध, तितकी भक्ति निःशंक.

५. पुण्याचा दरबार

हाच विचार आपल्या घराजवळच्या एका चित्रास लावितां येतो, व तेथें प्रत्येक टप्प्याचें साल ठाऊक असल्यानें तो अधिक स्पष्ट होतो.

टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे व निजाम यांचा तह १७९० च्या जूनमध्यें पुण्यास झाला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारांत तह पुरा करीत आहे, असें एक भव्य तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. सवाई माधवरावांचा दरबार, मुत्सद्दी व इंग्रज मंडळी त्यांत दाटीनें बसलेलीं आहेत. अनेक पुस्तकांत हें चित्र "१७९० चा पेशव्यांचा दरबार" म्हणून दिलेलें असतें व वाचक तें डोळ्यांनीं पाहिलेलें समजतात.

आतां टप्पे पाहा. चित्र रंगविलें टॉमस डॅनियल यानें, १८०५ सालीं, इंग्लंडांत. १७९० मध्यें तो पुण्यापासून दूर, उत्तर हिंदुस्थानांत हिंडत होता. म्हणजे तहाचा दरबार त्यानें पाहिलेला नाहीं. मग चेहरे आले कोठून? ते जेम्स वेल्स या स्कॉच चिताऱ्याच्या रेखाचित्रांवरून. पण वेल्स मुंबईस उतरला १७९१ मध्यें व पुण्यास आला १७९२ मध्यें. म्हणजे त्यानेंही तो दरबार पाहिलेला नाहीं. त्यानें पाहिलीं तीं माणसें, दोन वर्षांनंतर. १७९२ सालचें त्याचें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. १७९५ च्या ऑक्टोबरांत माधवराव गेले व त्यानंतर महिन्याभरांत वेल्सही वारला. त्याच्या मुलीशीं मॅलेटनें १७९९ मध्यें लग्न केलें. वेल्सच्या चित्रांचें साहित्य डॅनियलच्या हातीं गेलें, आणि वेरूळच्या लेण्यांचीं त्याचीं चित्रें १८०३ मध्यें डॅनियलनेंच प्रसिद्ध केलीं. त्यानंतर दोन वर्षांनीं हें दरबारचित्र पुरें झालें.

एकाच चित्रांत याप्रमाणें तीन काळ आहेत. प्रसंग १७९० चा. चेहरे १७९२ ते १७९५ चे. रंग, रचना व उजेड १८०५ चा. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ चा. तहाच्या वेळीं ते सोळा वर्षांचे, वेल्सपुढें बसले तेव्हां अठरांचे, आणि डॅनियलनें त्यांस रंगविलें तेव्हां त्यांच्या मृत्यूस दहा वर्षें होत आलीं होतीं. चित्रांतील पेशव्याचें वय काय, हा प्रश्न विचारला तर "कोणत्या टप्प्यांतील?" असा प्रतिप्रश्न करावा लागतो. कोण कोठें बसला, कोणापुढें कोण, यावरून दरबारच्या मानपानाविषयीं अनुमानें काढणारांनीं तर फारच जपून असावें. ती मांडणी लंडनच्या चित्रशाळेंतील आहे.

म्हणून हें चित्र निरुपयोगी ठरतें काय? मुळींच नाहीं. टप्पे वेगळे केल्यानें त्याची किंमत कमी न होतां ठिकाणावर येते. चेहऱ्यांपुरतें तें वेल्सच्या प्रत्यक्ष दर्शनाचें वारस आहे. शनिवारवाडा १८२८ च्या आगींत जळाला. तेव्हां वाड्याच्या आंतील शोभेचा जो अंश आगीपूर्वीं जागेवर काढिलेल्या कागदांवरून या चित्रांत उतरला असेल, त्यास दुसरी जोड मिळणें कठीण. पण हें निवडण्यास तैलचित्र पुरत नाहीं; मूळ रेखाचित्रें लागतात. वेल्सचे व त्याच्या काळीं मॅलेटसाठीं चित्रें काढणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट यांचे पुष्कळ कागद आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रांत आहेत. महादजी शिंद्यांचेंच उदाहरण घ्या. ते जून १७९२ मध्यें पुण्यास आले व १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वानवडीस वारले. वेल्सनें पुण्यांत त्यांस समोर बसवून काढिलेल्या कोणत्याही कागदाचा काळ त्या वीस महिन्यांबाहेर जाऊं शकत नाहीं. पुऱ्या झालेल्या चित्रावरून असा निर्णय कधींच करितां येत नाहीं. तें दहा वर्षांनींही होऊं शकतें.

६. परीक्षेचे प्रश्न

वरील विवेचनावरून संग्राहकांच्या उपयोगासाठीं कांहीं प्रश्न मांडितों. कोणतीही तसबीर हातीं आली कीं तीस एकच साल व एकच नांव देण्याची घाई न करितां हे क्रमानें विचारावेत.

पहिला: चित्रांतील प्रसंग केव्हांचा? दुसरा: ज्याचें चित्र तो चिताऱ्यापुढें बसला काय, व केव्हां? तिसरा: ही रेघ स्वतंत्र आहे कीं चरब्यावरची? कागद उजेडापुढें धरून सुईचीं भोंकें, पाठीमागून कोळशाची पूड, आणि सफेद्याखालीं पुसलेली पहिली रेघ आहे काय, हें पाहावें. पुसलेली रेघ आढळली तर आनंद मानावा. ज्यास नक्कल करावयाची असते त्यास चांचपडावें लागत नाहीं. चौथा: रंग त्याच हातचा आहे काय? चेहरा व वस्त्रें यांच्या कुंचलीची जाड व घोटणी निरनिराळी वाटल्यास तसें नमूद करावें. पांचवा: नांव कोणी व केव्हां लिहिलें? नांव हा तसबिरीचा शेवटचा टप्पा होय, आणि तो बहुधा चिताऱ्याच्या हातचा नसतो. पुढच्या पिढीचा मालक, कारकून किंवा विकणारा आपल्या समजुतीप्रमाणें नांव घालतो. तें अक्षर व ती शाई यांची परीक्षा दस्तऐवजासारखीच व्हावी.

याबरोबर तीन निषेधही सांगतों. समास कापूं नयेत. अकबरनाम्याचे समास कापले गेले असते तर बसावन व चतर आज आपणांस त्या पानांवर भेटते ना. पाठीमागें पुठ्ठा डकवूं नये. आणि अपुरें चित्र पुरें करवूं नये.

७. समाप्ति

आतां स्नेह्यांच्या कागदाकडे परत येतों. हे विचार मनाशीं जुळवून मीं एके सकाळीं त्यांच्या घरीं गेलों व तो कागद खिडकीपाशीं उजेडापुढें धरिला. नाकाच्या, पागोट्याच्या आणि पाठीच्या रेघेवर सुईच्या टोंकांची ओळ उजेडांत चमकूं लागली. पाठीमागें करडी पूड बोटास लागली. म्हणजे हा कागद टाकून दिलेला नव्हता. काम झालें म्हणून जपून ठेविलेला होता. चेहरा तेवढा पुरा करण्याचें कारणही उमगलें. पुढच्या नकलांस चेहऱ्याचाच नमुना लागतो. अंगरख्यास दोन अक्षरें पुरतात.

मग दिवाणखान्यांतील दोन तसबिरी उतरवून घेतल्या. एक पणजोबांची, एक त्यांच्या वडिलांची, असें घरांत तीन पिढ्या मानीत आले आहेत. पैकीं एकीचा अंगरखा पांढरा, दुसरीचा हिरवा. दोऱ्यानें कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाकाच्या टोंकापासून कानापर्यंत, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मापें घेतलीं. तिन्ही कागदांवर दोरा एकाच ठिकाणीं संपला. पागोट्याची रेघही तीच. दोन्ही तसबिरी या एका कागदाच्या लेंकी होत्या, म्हणजे पुरुष एकच. दोन नांवांपैकीं एक कोणी तरी मागाहून घातलें होतें.

स्नेह्यांस हें ऐकून संतोष झाला असें म्हणवत नाहीं. श्राद्धाच्या दिवशीं दोन्ही चित्रांस हार घालणाऱ्या घराला एक पूर्वज चित्रापुरता गमावणें ही लहान गोष्ट नव्हे. मीं त्यांस एवढेंच म्हटलें कीं, गेला तो पूर्वज नव्हे, गेलें तें नांव. आणि जो राहिला त्याच्या डोळ्याखालची सुरकुती आतां तुमच्यापाशीं अशी आहे कीं जी कोणा चिताऱ्यानें बहुधा त्यांस समोर बसवून पाहिली होती. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. नंतर त्यांनीं तो अपुरा कागद पातळ कापडांत गुंडाळून घरच्या सनदांच्या पेटींत ठेविला. त्याची जागा तीच.